पदराखालचा उजेड

"मामा, डोळे मिटू नका."

"मिटले न्हाईत रं. माझे डोळे तेवढेच हायत."

कलबुर्गीच्या सुपर मार्केटात, भर बाराच्या उन्हात, कॅमेऱ्याच्या दुकानासमोरच्या फूटपाथवर अमृतप्पा डोक्यावरून पदर घेऊन उभा होता. पदर म्हणजे त्याच्याच खांद्यावरचा टॉवेल. भाच्याने तो भुवयांपर्यंत ओढून हनुवटीखाली टाचणीने पक्का केला होता. अमृतप्पाचं वय बहात्तर, मिशी पांढरी आणि भरघोस. येणारा-जाणारा आधी पदराकडे बघायचा, मग मिशीकडे, आणि मग काही कामच नसल्यासारखा तिथेच थांबायचा.

"क्या हुआ चाचा कू?" एका रिक्षावाल्याने विचारलं.

"कुछ नै. फोटू निकाल रै," अमृतप्पा म्हणाला. "आँखां नै आते मेरे."

रिक्षावाल्याने मान डोलावली आणि रिक्षा बंद केली. असल्या कारणासाठी माणूस पाच मिनिटं थांबू शकतो.

कॅमेरा धरून समोर उभा असलेला भाचा म्हणजे गुरुबसव. औरादच्या बस स्टँडसमोर बावीस वर्षं त्याचा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर वर कन्नड आहे, खाली मराठी आहे, आणि आत येणारा माणूस दोन्ही न वाचता येतो. फ्लॅश घ्यायला दीडशे किलोमीटरवर जायचं म्हटल्यावर बायको उमादेवी म्हणाली होती, "फोनवर मागवा की. दारात येतंय." त्यावर गुरुबसव एवढंच म्हणाला, की फोनला मामाचं तोंड दाखवता येत नाही. उमादेवीला ते पटलं नाही, पण मामाचा डबा तिने बांधून दिला.

मामाला आणण्याचं कारण साधं होतं. अमृतप्पा आणि गुरुबसवची आई जगदेवी ही सख्खी भावंडं. दोघांचे डोळे एकाच साच्यातले: खोल, कोनाड्यात ठेवलेल्या पणतीसारखे. आई शेत सोडून कलबुर्गीला येणार नव्हती. म्हणून तिच्या डोळ्यांचा नमुना बरोबर घेऊन तो आला होता, जसं ब्लाऊजपीस जुळवायला बायका साडी घेऊन येतात.

आता, एखाद्या म्हातारीचे डोळे फोटोत यावेत यासाठी एवढा आटापिटा का, हे समजायला गुरुबसवच्या धंद्याची दुसरी बाजू माहीत हवी.

लग्नं, वाढदिवस, पासपोर्ट हे सगळे फोटो तो काढतच असे. पण त्याला सगळ्यात घाईचे फोन यायचे ते माणूस गेल्यावर. त्यांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला बसवतात. आंघोळ घालून, विभूती लावून, फुलं घालून भिंतीला टेकवून बसवलं, की नातेवाइकांना फोन, स्वामींना फोन, आणि तिसरा फोन गुरुबसवला. तो जायचा, चप्पल बाहेर काढायचा, नमस्कार करायचा आणि फोटो काढायचा. फोटो चांगलाच यायचा. हललेला एकही नाही.

तेराव्याच्या आत कुणीतरी स्टुडिओत यायचं आणि हळूच म्हणायचं, "अण्णा, तेवढे डोळे उघडून द्या."

कॉम्प्युटरवर डोळे उघडता येतात. पण ते कुठून तरी आणावे लागतात. गुरुबसवच्या कॉम्प्युटरमध्ये 'डोळे' नावाचं एक फोल्डर होतं. शक्यतो मुलाचे डोळे घ्यायचे, नाहीतर पुतण्याचे. घाईत एकदा एका निवृत्त मास्तरांना त्याने फोल्डरमध्ये जे वर होते ते बसवून दिले. ते औरादच्या एका कंडक्टरचे होते. घरची मंडळी फोटोपुढे रडली आणि म्हणाली, "सर अगदी असंच बघायचे." त्या दिवसापासून गुरुबसवचा लोकांच्या आठवणीवरचा विश्वास कमी झाला आणि धंद्यावरचा वाढला.

चार वर्षांपूर्वी त्याचे वडील निंगप्पा गेले. फोटोग्राफरचा बाप, आणि धड एक फोटो नव्हता. आधारकार्डावरचा होता, पण तो निंगप्पा सोडून कुणाचाही वाटत होता. गुरुबसवने तिसऱ्या दिवशी आरशासमोर उभं राहून स्वतःच्या डोळ्यांचा फोटो काढला आणि ते डोळे बसवलेल्या बापाच्या फोटोला लावले. काम इतकं सफाईने झालं, की त्याचं त्यालाच भरून आलं.

जगदेवी चार वर्षं दर सोमवारी त्या फोटोला फूल घालत आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गेल्या श्रावणात बिदरच्या शिबिरात तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिल्या सोमवारी ती फूल घेऊन फोटोपुढे उभी राहिली, आणि बराच वेळ तशीच राहिली. फूल हातात.

"गुरू," ती म्हणाली, "ह्ये डोळे तुझे हायत."

गुरुबसव फोटोची काच पुसायला लागला.

"म्हंजे चार वर्सं मी पोराला हात जोडायलेय व्हय?"

त्याने समजावायचा प्रयत्न केला. सगळे करतात, पद्धत आहे, डोळे मिटलेला फोटो भिंतीवर बरा दिसत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "माझं असं करू नको. माझे मला ठेव. मी हाय तवर काढ, काय काढायचं ते."

"चला की मग दुकानात, अव्वा. आत्ता काढतो."

"तुज्या दुकानात न्हाई येनार. त्या इस्टुलावर रडलेली मान्सं बसतेत. शेतात काढ. आन पदराला हात लावायचा न्हाई."

गाठ इथेच होती. जगदेवीचा पदर लग्न झाल्या दिवसापासून भुवयांपर्यंत असायचा. शेतात वरून ऊन, खाली पदर, त्याच्या आत ते कोनाड्यातले डोळे. गुरुबसवने तीन वेळा प्रयत्न केला. पहिल्यांदा नुसत्या उन्हात: पदराखाली दोन काळी भोकं. दुसऱ्यांदा पांढरा पत्रा धरून खालून ऊन फेकलं, तर तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि पत्रा धरणाऱ्याच्या घराण्याचा उद्धार केला. तिसऱ्यांदा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला. तो फ्लॅश लेन्सच्या वर असतो. पदराची किनार मध्ये आली आणि तिची सावली नेमकी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखी पडली. उजेड वरून नको, खालून नको. बघणारा जिथून बघतो तिथूनच, लेन्सच्या भोवतीनेच यायला हवा. पदराखाली सरळ शिरणारा. म्हणजे रिंग फ्लॅश.

"आनखी एकदा बसीन," जगदेवी म्हणाली होती. "तूर उभी हाय तवर. मग मला म्हनू नको."

तूर निघायला दहा दिवस होते.

कलबुर्गीच्या दुकानाचे मालक श्रीनाथराव देशपांडे. सोन्याच्या काड्यांचा चष्मा, आवाज शांत, बोलणं पुस्तकी. त्यांनी पहिल्यांदा जे काढून दिलं ते गोल, हलकं आणि स्वस्त होतं.

"हे बघ, सध्या हेच चालतं. दिवसाला दहा जातात. रील्सवाली मुलं नेतात."

"ह्ये लाईट हाय. मला फ्लॅश पायजे."

"अरे, गोलच आहे ना?"

"भाकर बी गोलच असती, साहेब."

तरी त्याने फूटपाथवर जाऊन ते मामाच्या तोंडासमोर धरलं. न तपासता नाही म्हणायचं नाही, हा त्याचा बाणा होता.

"लावलास का?" मामाने विचारलं.

"लावलोय."

"कुठं?"

सूर्यापुढे काजवा बरा. तो निदान स्वतः उडून जातो. गुरुबसवने ते परत आणून ठेवलं.

दुसरा खराखुरा रिंग फ्लॅश होता, लेन्सच्या तोंडावर बसणारा, बांगडीएवढा. "हा दाताचे डॉक्टर नेतात," श्रीनाथराव म्हणाले. वीतभरावरून त्याने कमाल केली. मामाचा खालचा राहिलेला एकुलता एक दात असा आला, की कॅलेंडरवर छापावा. पण चेहरा यावा म्हणून गुरुबसव तीन हात मागे सरकला आणि मामा पुन्हा अंधारात गेला.

"दात तर दात," मामा म्हणाला. "कायतरी आलं की. चल घराकडं."

तिसरं यंत्र नव्हतंच, प्लास्टिकचं कडं होतं. आपला नेहमीचा फ्लॅश त्यात वरून खुपसायचा आणि उजेड कड्यातून गोल फिरून बाहेर यायचा. फिरता फिरता निम्मा वाटेतच संपायचा. डोळे आले, पण नुसते आहेत एवढंच समजावं इतके. चौथ्याला भिंतीतल्या प्लगची वायर होती. गुरुबसवने वायर हातात घेतली, श्रीनाथरावांकडे बघितलं आणि ती परत गुंडाळून ठेवली. तुरीत प्लग कुठे असतो, हे त्याने विचारलं नाही. माणूस शिकलेला होता.

"मग एकच राहिला," श्रीनाथराव म्हणाले आणि काचेच्या कपाटाची किल्ली शोधू लागले.

तो ताटाएवढा होता. मधल्या भोकातून लेन्स घालायची, बॅटरी पाठीतच. वजन दोन असोल्या नारळांएवढं. किंमत त्यांनी डॉक्टर रिपोर्ट सांगतात त्या आवाजात सांगितली. गुरुबसवने ती ऐकली आणि यंत्र घेऊन बाहेर गेला. एव्हाना फूटपाथवर वीसेक माणसं जमली होती आणि रिक्षावाला त्यांना चाचांच्या डोळ्यांविषयी माहिती देत होता.

"मामा, बघा हिकडं."

भप्पकन उजेड झाला.

"अगगगं! मेलो की रं!"

गुरुबसवने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. टॉवेलाच्या किनारीखाली दोन डोळे होते. सबंध, ओले, तपकिरी. त्यांत एकेक बारीक पांढरं कडं. फोटोतल्या मिशीवर अंगठा ठेवून त्याने ती झाकली. पडद्यावर त्याची आई त्याच्याकडे बघत होती.

"आले का?" मामा डोळे चोळत म्हणाला.

"आले."

"मग सोड ही टाचनी."

तरी त्याने लगेच घेतला नाही. बॅटरीवर किती फोटो निघतात, दोन फोटोंच्या मध्ये किती वेळ लागतो, तापतो किती, धूळ गेली तर काय, दुरुस्ती कलबुर्गीत होते की हैदराबादला पाठवावा लागतो, जास्तीत जास्त ताकद किती हातांपर्यंत पोचते. श्रीनाथरावांनी चष्मा काढून पुसला.

"गुरुबसव, मुलगी बघायला गेलास तेव्हा इतके प्रश्न विचारले होतेस?"

"तवा बाप इचारला होता, साहेब. माझ्या वाटनीचे ऱ्हायलेले आता इचारायलोय."

परतीच्या बसमध्ये खोकं त्याच्या मांडीवर होतं. मामाला अजून दर वस्तूभोवती हिरवं कडं दिसत होतं. हुमनाबादपर्यंत त्याने ते कंडक्टरभोवतीही बघितलं.

गुरुवारी सकाळी अकराला तो संतपूरला, आईच्या शेतात पोचला. जगदेवी बांधावरच्या दगडावर येऊन बसली होती. धुतलेलं लुगडं, कपाळावर विभूती, पदर जिथे असायचा तिथे. मागे तूर डोक्याच्या वर गेलेली, शेंगांनी वाकलेली. शेजारच्या शेतातली भागाबाई खुरपं हातात घेऊन बांधापर्यंत आली. ही भागाबाई जगदेवीच्याच वयाची. गुरुबसव दिसला की ती रस्ता बदलायची. मेलेल्यांचे फोटो काढणाऱ्याने आपल्याकडे निरखून बघू नये, असं तिचं मत होतं, आणि ते तिने कधी लपवलं नव्हतं.

"जगदेवक्का," ती लांबूनच ओरडली, "पोरगं तोंडावर ताट धरायलंय कामून गं? जेवायला वाढायलाय का?"

"तू तुझं खुरप," जगदेवी म्हणाली.

गुरुबसवने फ्लॅशची ताकद पूर्ण लावली. मामावर लावली होती तेवढीच. बटण दाबलं.

डोळे मिटलेले.

पुन्हा दाबलं. मिटलेले. त्याने एक-दोन-तीन म्हणून बघितलं. तिने बरोबर तीनला मिटले. तीन न म्हणता दोनलाच दाबलं, तर तिने दोनला मिटले. नऊ फोटो झाले. नऊही स्वच्छ, सावलीचा लवलेश नाही, आणि नऊही फोटोंत जगदेवी डोळे मिटून ताठ बसलेली, कपाळावर विभूती. गुरुबसवने असे फोटो शेकड्यांनी काढले होते. त्याने पडदा पालथा धरला.

"आलं का?" तिने विचारलं.

आलं म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. घरी कॉम्प्युटर होता, त्यात फोल्डर होतं, मामाचे डोळे तर परवाच काढून आणले होते. सख्ख्या भावाचे. कुणाला कळलं नसतं.

"न्हाई," गुरुबसव म्हणाला. "मिटलेच हायत."

"किती येळा?"

"नवाच्या नवू."

"ते ताट माज्यावर धावून येतंय रं. मी काय करू?"

"बस झालं गं, उन्हाची," भागाबाई बांधावरून म्हणाली. "न्हाई यायचे ते. आपले डोळे असल्या कामाचे न्हाईत."

मांडीवरचे दोन्ही हात जगदेवीने गुडघ्यांवर ठेवले.

"गुरू, कडब्याचा भारा डोस्क्यावर द्यायचा असला, तर 'उचल' कोन म्हनतंय?"

"जी घ्यायली ती."

"का?"

"देनारीनं म्हनलं तर हिची मान तयार नसती."

"मग तू कामून एक-दोन-तीन म्हनायलास? बोज माज्यावर यायलाय का तुज्यावर?"

तिने डोळे मिटले. पाठ सरळ केली, मान जराशी दाबून बसवली, एक दम घेतला, जसा सत्तावन्न वर्षं भाऱ्याखाली जाताना घेत आली होती. गुरुबसव बटणावर बोट ठेवून उभा राहिला. वाऱ्याने तुरीच्या शेंगा वाजल्या. दूर कुठेतरी पंप सुरू झाला. ती घाईत नव्हती.

"उचल," ती म्हणाली आणि डोळे उघडले.

उजेड झाला. ती हलली नाही.

गुरुबसवने पडद्यावर बघितलं, डोळे उघडे होते. मग त्याने कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिने तो ऑपरेशनच्या डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"डोळे माझे हायत," ती म्हणाली. "तोंड कुनाचं?"

"तुमचंच की, अव्वा."

"सुरकुत्या कुठं गेल्या?"

त्याने बघितलं. खरंच गेल्या होत्या. समोरून आलेल्या उजेडाने गालावरची, कपाळावरची एक ना एक घडी भरून काढली होती. चेहरा लिंपलेल्या भिंतीसारखा सपाट.

"उजेडानं भरून गेल्यात."

"मला कशाला इस्त्री करायलास? तुज्या बापाला डोळे दुसऱ्याचे, आन मला कातडं दुसरीचं व्हय?"

भागाबाई हसली, मग कुणीच हसत नाही म्हटल्यावर थांबली.

दुकानात त्याने सगळे प्रश्न विचारले होते. जास्तीत जास्त ताकद किती, हे तर दोनदा. कमीत कमी किती, हे विचारलं नव्हतं. आता त्याने पाठीमागची चकती खाली फिरवायला सुरुवात केली. निम्मा. पाव. त्याच्याही खाली. प्रत्येक पायरीला तो फोटो काढी, प्रत्येक वेळी ती डोळे मिटून, दम घेऊन, आपल्या वेळेला "उचल" म्हणे. पावावर सुरकुत्या परत यायला लागल्या, हनुवटीकडून. त्याच्या खालच्या पायरीवर कपाळावरच्या आल्या. आणखी खाली गेला तर डोळे पुन्हा कोनाड्यात जायला लागले, म्हणून एक पायरी वर आला.

"उचल."

हा फोटो त्याने आधी स्वतः बघितला नाही, तिलाच दिला. तिने बघितला. उन्हाने काढलेल्या सगळ्या रेषा जागच्या जागी होत्या, आणि पदराच्या सावलीत दोन डोळे उघडे: एक ऑपरेशनचा, स्वच्छ, दुसरा दुधाळ, पाण्यात भाकरीचं पीठ पडल्यासारखा.

"ह्यो दुसरा असाच ठेव," ती म्हणाली. "नीट करू नको."

"न्हाई करत."

"ही हाय मी," ती म्हणाली आणि कॅमेरा परत दिला.

तो फोटो कधी फ्रेम करायचा, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. ती दगडावरून गुडघ्याला रेटा देत उठली, पदर होता तिथेच आहे ना हे बोटाने चाचपलं आणि तुरीत शिरली. जरा वेळाने ती दिसेनाशी झाली; ती जिथे असेल तिथले शेंडे तेवढे हलत राहिले.

गुरुबसवने लेन्सवर टोपण लावलं. फ्लॅश अजून गरम होता, म्हणून तो खोक्यात न ठेवता तसाच हातात धरून उभा राहिला. मागे खुरपं दगडावर ठेवल्याचा आवाज झाला.

भागाबाई दगडावर बसली होती. तिने पायांवरची माती झटकली, पदर डोक्यावरून पुढे ओढला, जगदेवीपेक्षा अर्धं बोट जास्तच.

"काढायचा का, मावशी?" गुरुबसवने विचारलं.

"काढू नको तर काय वाळवनाला बसलेय? आन सुरकुत्या समद्या पायजेत. एक बी कमी न्हाई."

"व्हय."

"मी म्हनीन तवा. मदी बोलायचं न्हाई."

तिने डोळे मिटले. गुरुबसवने टोपण काढलं, ताट उचललं आणि लेन्स तिच्यावर धरली. बराच वेळ गेला, भागाबाई काही बोलेना. तो थांबला. बॅटरीवर अजून तीन खुणा पेटलेल्या होत्या.